लाल झालेली सुरी

मुलुंडच्या आमच्या सोसायटीतला आंबा ह्यांनी लावलेला. खालच्या फांदीवर हापूसचं कलमही ह्यांनीच बांधलेलं. हे गेले, आंबा राहिला. त्यामुळे त्याच्याकडे कुणी वाकडं बघितलं की माझं डोकंच फिरायचं. तळमजल्यावरच्या काकांनी गाडी घेतली आणि आंब्याखालची जागा पावलांनी मोजली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्या उन्हाळ्यात सोसायटीच्या माळ्याने दोन फांद्या अर्ध्यावर छाटल्या, एक खालची, एक वरची. चार दिवसांनी काका जुनी लोखंडी सुरी मागायला आले. स्टीलची चालणार नाही म्हणे. कशाला हवी, ते सांगितलं नाही. संध्याकाळी सुरी परत आली, तर पात्याचं टोक तांबूस लाल. घासलं तरी जाईना. खाली जाऊन बघते तर दोन्ही छाटांवर निळा लेप, आणि नळापाशी मोरचुदाचे निळे खडे. मोरचूद म्हणजे विष, एवढं मला पक्कं ठाऊक. गाडीसाठी झाड मारतोय मेला!

काथ्याने खालचा छाट खसाखसा धुतला. वरच्यापर्यंत हात पोचला नाही. मग सगळ्यांदेखत काकांना विचारलं, "माणूस गेला, आता त्याचं झाडही मारताय?" ते काही सांगू बघत होते, मी तोंडच उघडू दिलं नाही. त्यानंतर ते गाडी बाहेर रस्त्यावर लावायला लागले. मी म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

दिवाळीपर्यंत वरच्या छाटाखाली पालवी फुटली. खालची फांदी मात्र काळी पडून कुजली.

लेक कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, तिला सुरी दाखवली. मोरचूद आणि चुन्याचा लेप लावला की छाटाला बुरशी धरत नाही, म्हणाली. चुना कमी पडला तर लेप झाडाला जाळतो. म्हणून त्यात लोखंड बुडवून बघतात, मोरचुदातलं तांबं त्यावर चढलं की आणखी चुना घालायचा. "आई, झाडाला इजा होऊ नये म्हणून तपासलं गं त्यांनी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच सुरी घेऊन काकांच्या दारात गेले, माझं चुकलं म्हटलं. त्यांनी सुरी हातातून घेतली. मग म्हणाले, "वहिनी, मला गाडीला सावलीच हवी होती."

खालची फांदी कलमासकट कापावी लागली. काकांनी पुन्हा लेप कालवला, कानशीने लख्ख केलेली सुरी बुडवली, चुना घातला, पातं स्वच्छ निघेपर्यंत. मग ते पातं माझ्यासमोर धरून उभे राहिले.

"बघून घ्या," म्हणाले. "लावू ना?"