बिनआकड्याचं लोखंड

सगुणाबाई मला आजही दारात बघितलं की तोंड फिरवते. तिचा नवरा बद्रीनाथ साठीला टेकल्यावर घर, शेत, गाव सोडून समुद्राकाठच्या एका इमारतीच्या तळघरात जाऊन बसला आणि मी त्याला अडवलं नाही, असं तिचं म्हणणं आहे. मी अडवलं होतं. पण उशिरा आणि भलत्याच गोष्टीसाठी अडवलं होतं, म्हणून मी तिच्याशी वाद घालत नाही.

आम्ही दोघं टेंभुर्णीचे. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या एका कारखान्यात वीस-बावीस वर्षं काढली. आठवडाभर तिथेच खोली करून राहायचं आणि शनिवारी मोटारसायकलवर गावी यायचं. मी वजनकाट्यावर होतो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या तोलून पावत्या फाडायचो. बद्री आकडे टाकायला. हे काम सांगितलं की लोक हसतात, पण ते फार मोलाचं असतं. भट्टीत भंगार वितळवतात, तो रस साच्यांत ओतून लांब चौकोनी दांडे पाडतात, त्यांना आम्ही बिलेट म्हणतो. बिलेट पुन्हा तापवून त्यांच्या सळया ओढतात. एका वेळी भट्टीतून निघालेल्या रसाला हीट म्हणायचं आणि प्रत्येक हीटला आपला आकडा असतो. बद्री पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन धगीत उभा राहायचा आणि बिलेटांवर तो आकडा लिहायचा. त्या आकड्यावरून माल कुठल्या भट्टीतून निघाला आणि कुणाच्या बांधकामावर गेला, सगळं सापडतं. "आकडा न्हाई ते लोखंड बेवारस," असं तो म्हणायचा.

कल्याण आमच्याच गावचा. बद्रीपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, हातापायाने दणकट, स्वभावाने गरीब. त्याला भट्टीवर बद्रीनेच आणलं. दोघं एका ताटात जेवायचे म्हटलं तरी चालेल. कल्याणची बायको दैवशाला बद्रीला भावजी म्हणायची आणि त्याची पोरगी शीतल बद्रीच्या खिशात हात घालून गोळ्या काढायची.

सात वर्षांपूर्वीचा मंगळवार. सकाळी साडेदहाच्या सुमाराला एक नंबरच्या भट्टीच्या तोंडात भंगार अडकलं. कल्याण लांब सळई घेऊन ते ढोसायला वर चढला. मग वर कोणी नव्हतं. ओरडणंसुद्धा ऐकू आलं नाही. खाली दोघं उभे होते. ते नंतर एवढंच सांगायचे, की रस एकदा लख्ख चमकला आणि पुन्हा होता तसा झाला.

भट्टीत रस गोठू देता येत नाही. माणूस गेला तरी तो ओतावाच लागतो, आणि ओतला. मॅनेजरने चिठ्ठी लिहून ठेवली, की हीट नंबर चारशे सतरा बाजूला काढावी, ती घरच्यांना द्यायची आहे. बद्रीने ती चिठ्ठी वाचली नव्हती. तो डबा घेऊन कल्याणच्या बिलेटांपाशी गेला, ब्रश बुडवला आणि त्याचा हात पुढे होईना. आपल्या माणसाच्या अंगावर आकडा कसा टाकायचा? त्याने हात जोडले आणि ते लोखंड तसंच, कोरं सोडलं. तासाभराने दोन नंबरच्या भट्टीचा माल आला. रजिस्टरात पुढचा मोकळा आकडा चारशे सतरा होता, तो त्याने सवयीने त्या मालावर टाकला आणि गावाकडे निघून गेला.

दुपारच्या पाळीचा क्रेनवाला शहाणा माणूस. चिठ्ठीत चारशे सतरा, बिलेटवर चारशे सतरा, ते त्याने बाजूला काढून ठेवले. बाकी कोरे पडलेले बघून कुणीतरी त्यांच्यावर चारशे अठरा लिहिलं आणि ते ओढायला गेले.

चारशे सतराचा एक तुकडा कापून, पांढऱ्या कापडात बांधून गावी आणला. दैवशालाने तो मांडीवर घेतला. त्याला हळद-कुंकू लागलं, त्याच्यावर पाणी पडलं, तो सरणावर चढला, आणि तिसऱ्या दिवशी शहागडला नेऊन गोदावरीत सोडला. सगळं रीतीप्रमाणे झालं.

बद्री दहाव्यानंतर कामावर आला, बाजूला काढलेल्या मालावर आपल्याच हातचा चारशे सतरा बघितला, रजिस्टर चाळलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या काट्यावर येऊन उभा राहिला. तोंड पांढरं पडलेलं. म्हणाला, "रामराव, चारशे अठराचा माल कुठं गेला?"

मी पावत्या चाळल्या. माझ्याच हातची पावती निघाली. ट्रेलर मुंबईला गेला होता, समुद्राच्या काठावर बासष्ट मजल्यांच्या एका टॉवरचा पाया भरत होते तिथं. सळया सिमेंटमध्ये गेल्या असणार. बद्रीने मला सगळं सांगितलं आणि तो काट्याच्या लोखंडी पत्र्यावर बसला.

मी त्याला म्हणालो, "झालं ते झालं. पोटात ठेव. त्या बाईला समाधान हाय, ते कामून मोडायचं?" शहाणपण सांगितल्यासारखं सांगितलं मी. खरं तर पावतीवर माझी सही होती आणि मला भीती वाटली. आजही वाटते, आणि तेव्हाची लाजही वाटते.

त्यानंतर बद्रीला एक खोड लागली. कोरी वस्तू त्याला बघवेना. गावी आला की पांढरा डबा घेऊन बसायचा. पाण्याच्या टाक्या, दारं, बाजेचे पाय, शेळ्यांची शिंगं, सगळ्यावर आकडे. पोरं विचारायची, "बद्रीकाका, काकूवर कोणता नंबर टाकला?" तोही हसायचा. पण कारखान्यातून भरलेला ट्रेलर निघाला की तो हात उचलून थांबवायचा आणि सळयांवर तळवा ठेवून उभा राहायचा. काय बघतोस म्हटलं की म्हणायचा, "गार हाय का ते."

टॉवर उभा राहिला. प्रत्येक मजला खालच्या मजल्यापेक्षा जरासा वळवलेला, त्यामुळे सगळी इमारत पिळल्यासारखी दिसते. लोक त्याला पिळाचा टॉवर म्हणतात. मुंबईला गेलेला माणूस चौपाटीवर त्याच्याकडे पाठ करून फोटो काढल्याशिवाय परत येत नाही. आमच्या गावातल्या निम्म्या मोबाइलमध्ये तो आहे. बद्री अशा फोटोंकडे बघायचा नाही. मी बघायचो. खालचे मजले तेवढे बोटाने झाकायचो.

आणि गेल्या वर्षी शीतल तिथंच कामाला लागली. बारावी झालेली, वीस वर्षांची पोरगी. एक्केचाळिसाव्या मजल्यावर एक अंथरुणाला खिळलेली आजी आहे, तिची देखभाल करायची आणि तिथंच राहायचं. पाहुण्यातल्या कुणीतरी जागा सांगितली होती. तिला किंवा तिच्या आईला टॉवरबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. मुंबईत हजार इमारती आहेत. बद्रीला हे कळलं तेव्हा तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "बोलवून घेतलं त्यानं."

दिवाळीला पोरगी आली नाही. संक्रांतीलाही नाही. वाटूरचं चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा बियाण्यांच्या कंपनीत होता, तरी आली नाही. मामा आणायला गेला, तर निमूट त्याच्याबरोबर निघाली, स्टँडपर्यंत आली आणि हुडहुडी भरून खाली बसली. परत टॉवरच्या फाटकात शिरल्यावर अंग बरं झालं. मामा सांगत होता, पोरीच्या गालाची हाडं वर आलीत, घास तोंडात फिरतो तिच्या. गावात कुणी बाधा म्हणालं, कुणी एखादा पोरगा असेल म्हणालं. दर्ग्याचा धागा झाला, डॉक्टर झाला.

शेवटी दैवशाला बद्रीकडे आली. मी तिथंच बसलो होतो. तिने सांगितलं की शीतल रोज दुपारी, आजी झोपली की, लिफ्टने तळघरात जाते. जमिनीखाली तीन मजले गाड्या लावायला आहेत, त्यातल्या सगळ्यात खालच्या मजल्यावर एक खांब आहे. त्याला पाठ लावून बसते.

"कामून बसते म्हणून विचारलं," दैवशाला म्हणाली, "तर म्हणते, मम्मी, बाकीचे खांब गार हायेत. हा एकच माणसाच्या अंगाइतका ऊन हाय. अन् भावजी, ती म्हणते, तिथं बसलं की पप्पा पाळीवरून आल्यावर जसा वास यायचा, तसा येतो."

बद्रीने चहाची बशी खाली ठेवली. दैवशाला गेल्यावर तो म्हणाला, "आता सांगावंच लागंल." मी त्याला अडवलं ते तेव्हा. म्हणालो, येडा झालास का, तिचे भाऊ तुझे पाय मोडतील, शीतलला काही तरी सांगून आणू. त्याने माझं ऐकून घेतलं आणि टोपी घातली. मला एकट्याला घरी बसवेना, म्हणून मीही मागे गेलो.

दुपारचे दोन वाजले होते. दैवशाला अंगणात सुपात तूर पाखडत होती. बद्री बसला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, कोरे बिलेट, चारशे सतरा, चारशे अठरा, ट्रेलर, टॉवर. माझी पावतीसुद्धा मीच सांगितली. सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

तिने विचारलं, "मंग गोदावरीत आपण कोणाला सोडलं?"

"कोणालाच न्हाई, वहिनी. नुसतं लोखंड व्हतं."

"मला वाटल्तं," ती म्हणाली. "मांडीवर घेतलं तव्हा परकं लागलं. म्हणलं, आपलंच मन थाऱ्यावर न्हाई."

मला वाटलं आता ती रडेल, शिव्या देईल. मी तर खाली मान घालून तयारच होतो. तिने सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि मोबाइल उचलून शीतलला लावला. फोनचा आवाज मोठा केला.

"कुठं हायेस?"

"खाली." पोरीचा आवाज झोपेतून आल्यासारखा होता.

"फोन त्या खांबाला लाव. अन् तू काही बोलू नको."

फोनमधून एक घरघर यायला लागली. पंख्याची असेल, समुद्राची असेल, मला समुद्राचं काही कळत नाही. दैवशालाने डोक्यावरून पदर घेतला.

"अहो," ती म्हणाली. सात वर्षांनी हाक मारत होती, पण रोज मारावी तशीच मारली. "ऐकून राह्यले का? मी बोलते. तुमचा काही गुन्हा न्हाई. आम्ही तुमाला घरी आणलंच न्हाई, दुसऱ्यालाच आणलं. पण पोरीला सोडा आता. लेकरू वाळून चाललं. तिचं लगीन करायचं हाय. तुमाला एकटं वाटत असंल, तर त्याचं मी बघते. बिलकुल बघते. शब्द हाय माझा. तिला तेवढी घरी पाठवा."

घरघर थांबली. अंगणातली कोंबडीसुद्धा हलत नव्हती. मी माझ्या मनगटावरचं घड्याळ बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघायची हिंमत नव्हती. पूर्ण दोन मिनिटं गेली.

मग शीतलचा आवाज आला. एकदम जागा, लहान पोरीसारखा. "मम्मी, खांब गार पडला."

"बरं झालं," दैवशाला म्हणाली. "कपडे भर. सकाळच्या गाडीनं ये." आणि फोन ठेवला.

मग ती बद्रीकडे वळली. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भ्या वाटलं. "भावजी, त्यांना भट्टीवर कोण नेल्तं?"

"मी."

"आकडा कोणी टाकला न्हाई?"

"मी."

"मंग आता तुमीच जा. मी शब्द दिला तो तुमी ऐकला."

मी मध्ये पडलो. म्हणालो, दैवशालाबाई, शास्त्रात उपाय आहे, पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात, गुरुजींना विचारू. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ज्याच्या डोक्यावर बासष्ट मजले हायेत," ती म्हणाली, "तो पानाच्या पुतळ्यानं सुटतो का?"

बद्री मोकळा श्वास घेऊन उभा होता. सात वर्षांत त्याचा चेहरा मी एवढा हलका पाहिला नव्हता. कुणीतरी त्याला शेवटी सांगितलं होतं, काय करायचं ते.

शीतल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली आणि येताच तीन भाकरी खाल्ल्या. वैशाखात तिचं लग्न झालं. वाटूरला सुखात आहे. तळघराचं विचारलं तर तिला नीट आठवत नाही, तिथं गारवा होता म्हणून बसायची, असं म्हणते.

बद्री त्या दुपारनंतर आठ दिवसांत मुंबईला गेला. सगुणाबाईला काय सांगितलं त्यालाच ठाऊक. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे नाव लावलं आणि सगळ्यात खालच्या पार्किंगची पाळी स्वतःहून मागून घेतली. ती कुणालाच नको असते, म्हणून लगेच मिळाली. तिथं ऊन नाही, वारा नाही, खुर्ची टाकून दिवसभर गाड्या बघायच्या. जेवण चांगलं मिळतं म्हणतो. आवाजावरून तब्येत सुधारल्यासारखी वाटते.

आठ महिने झाले. सगुणाबाई गुडघ्याने आजारी आहे, तिला दवाखान्यात न्यायला घरात पुरुष माणूस नाही. परवा मीच तिला जालन्याला नेऊन आणलं. परत आल्यावर मी चिडून बद्रीला फोन लावला. म्हणालो, "बायको पडून हाय तुझी. चार दिवस तरी ये. सुट्टी देत न्हाईत का?"

"सुट्टी देतेत की," तो म्हणाला. "साहेब चांगला माणूस हाय."

"मंग येतो का न्हाई?"

फोन कानापासून दूर गेल्यासारखा वाटला. मग परत आला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "सांगतो. कल्याणला विचारू द्या."

मी फोन कानाला लावून राहिलो. विचारून झालं, मला ते कळलं, कारण बद्री हळूच म्हणाला, "न्हाई म्हणतो."