आबांची विनाअपघात गाडी

अधिक महिन्यात जावयाला कोणी रागवत नाही. त्या दिवशी मात्र कोणीतरी मला रागवायला हवं होतं.

आम्ही जळगावहून धुळ्याला, माझ्या सासुरवाडीला, धोंड्याच्या जेवणाला गेलो होतो. सासूबाई आणि बायको आत पुरणाचे धोंडे तळत होत्या. सासरे, म्हणजे आबा, बाहेर खाटेवर बसून मोबाईलवर बस चालवत होते. आबांनी आयुष्यभर एस.टी. चालवली, एकही अपघात न करता. निवृत्त झाल्यावर त्यांना हा खेळ सापडला आणि त्यातही त्यांनी गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही. कोपऱ्यात 'अपघात : शून्य' असं दिसायचं, ते आल्यागेल्याला दाखवायचे. खेळातलं शहर कुठलं तरी परदेशातलं होतं. पण आबांच्या हिशेबी तो धुळे-जळगाव रस्ताच होता; पूल ओलांडला की पारोळा लागायचं आणि मोठ्या चौकानंतर एरंडोल.

"फोन फार अडकतो," ते म्हणाले. "तुम्ही कॉम्प्युटरवाले. बघा जरा."

मी पाइपच्या कारखान्यात कॉम्प्युटरसमोर बसतो, एवढीच माझी विद्या. पण सासुरवाडीत नाही म्हणवेना. फोनमध्ये जागा उरली नव्हती आणि सगळ्यात जास्त जागा त्या खेळाने अडवली होती. मी ऐटीत 'डेटा क्लिअर करा' दाबलं. खाली सूचना आली होती, ती वाचली नाही.

फोन हलका झाला. आबांनी खेळ उघडला, तर समोर कोरी पिवळी बस आणि 'तुमचं नाव लिहा'.

"मनी गाडी कोठे शे?" माझी गाडी कुठे आहे, असं त्यांनी शांतपणे अहिराणीत विचारलं.

काय झालं ते मी सांगितलं.

"म्हणजे बठ्ठं गयं? सगळंच?"

"हो, आबा."

ते काही बोलणार होते. तेवढ्यात सासूबाई ताम्हणात दिवा घेऊन बाहेर आल्या. आबांनी फोन खाटेवर ठेवला. "राहू द्या, जावईबापू. पाटावर बसा."

मला ओवाळलं. ताटात तूप सोडलेला धोंडा आला आणि मी तो नुसता बोटाने फिरवत राहिलो. बायको वाढता वाढता वाकून म्हणाली, "जेवायला बसलाय, इंटरव्ह्यूला नाही." मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तो खेळ मीच फोनमध्ये घालून दिला होता, आबांच्या ईमेलने. बॅकअप असेल की."

जेवण उरकलं आणि मी फोन मागून घेतला. पण एक सरावाची फेरी मारल्याशिवाय तो खेळ ईमेलपर्यंत जाऊच देईना. घाईत वळण चुकलं आणि बस सरळ भिंतीवर गेली. 'अपघात : एक'. त्यानंतर विचारलं, 'जुनी प्रगती सापडली आहे. कोणती ठेवायची, फोनमधली की खात्यातली? दुसरी कायमची पुसली जाईल.'

माझं बोट काही पुढे जाईना. मी फोन आबांकडे दिला.

त्यांनी चष्मा लावला. "फोनमधली गाडी कोणाची?"

"माझी."

"आणि हा अपघात?"

"माझाच."

"रस्ता मोकळा, गाडी कोरी," आबा म्हणाले. "लायसन दिलं कोणी तुम्हाला?"

"मी रोज यांच्या मागे बसते, आबा," बायको म्हणाली. "माझं काय होत असेल?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. अधिक महिन्याचा संयम संपला होता आणि मला दुपारपासून पहिल्यांदाच मोकळा श्वास घेता आला.

आबांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या आणि 'खात्यातली' दाबलं. चाक फिरत राहिलं. मग त्यांची जुनी लाल बस आली, कोपऱ्यात शून्य घेऊन. आबांनी फोनची काच धोतराच्या सोग्याने पुसली.

"कालची फेरी नाही यात," जरा वेळाने ते म्हणाले. काल दिवसभर नेट बंद होतं, त्यामुळे ती खात्यात पोचलीच नव्हती. मी पुन्हा माफी मागू लागलो.

"फेरी परत मारता येते. गाडी शाबूत आहे ना?" ते सरकले आणि खाटेवर मला जागा केली. "कंडक्टर व्हा."

मी चमच्याने पेल्यावर दोनदा टिंग टिंग केलं. आबांनी गाडी हलवली नाही.

"दार लावलं का?" आबांनी विचारलं.

"लावलं, आबा."