घंटीची दोरी

"समोर सरका व माय, समोर जागा हाय."

हे वाक्य बाई रोज सकाळी सहा वाजता नगरपालिकेच्या बागेत उच्चारीत. समोर जागा होतीच. सगळी बाग मोकळी पडलेली असे. तरीही वीस-पंचवीस बाया एकमेकींच्या पदराआड दाटी करून मागे उभ्या राहत, आणि बाई हातातला तिकिटांना भोके पाडायचा जुना पंच टकटक वाजवीत त्यांना पुढे हाकीत. सवयीची माणसे तुम्हीही पाहिली असतील. नोकरी सुटते, सवय सुटत नाही.

बाई एसटीत वाहक होत्या. पुसद, नेर, बाभुळगाव या वाटांवर उभ्याने आयुष्य काढल्यामुळे त्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. तो एकटीने त्यांच्याच्याने होईना. "रिकामी गाडी चालवाले मले नाई जमत," असे म्हणून त्या दारोदार हिंडल्या आणि बाया गोळा करून आणल्या. कुणाला गुडघेदुखी होती, कुणाला साखर होती, कुणाला काहीच नव्हते. घराबाहेर पडायला निमित्त मात्र हवे होते.

त्यांचा व्यायाम कोणत्याही पुस्तकातला नव्हता. दोन्ही हातांनी मोठे चाक फिरवायचे. "घाट आला, वाकडं व्हा," म्हटले की कमरेतून झुकायचे. श्वासाचा नियम एकच होता: "आधी उतरनारे उतरू द्या, मंग चढनारे चढा." आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग घ्यायचा. यापेक्षा सोप्या शब्दांत ही गोष्ट समजावलेली मी ऐकलेली नाही.

बागेच्या मध्यभागी कडुनिंब आहे आणि त्याभोवती ओटा आहे. त्या झाडाच्या आडव्या फांदीला बाईंनी भंगारातल्या गाडीची घंटी दोराने बांधली होती आणि ओढायला तिला दोरी लावली होती. वर्ग सुरू करताना दोन घंट्या, थांबवताना एक. शेवटचा व्यायामही तोच होता: टाचा उचलून, हात ताणून एकेकीने दोरी ओढायची.

आता माझ्याविषयी आवश्यक तेवढे सांगतो. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून होतो. गाव मला बडे बाबू म्हणते. अर्ज लिहिणे ही माझी विद्या. मी लिहिलेल्या अर्जात फट राहत नाही, अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा अभिमान होता.

आमचे ज्येष्ठ नागरिकांचे मंडळ त्याच ओट्यावर बसत असे. बाईंचा वर्ग आला आणि आमचा ओटा गेला. पण भांडण ओट्याचे नव्हते. मंडळाच्या अध्यक्षांची सून वर्गाला जाऊ लागली, आणि तिच्याच घरी भांडी घासणारी बाई ओळीत तिच्या पुढे उभी राहू लागली. सुनेने एकदा विचारले होते, "आम्हाले समोर जागा नाई काय, बाई?" बाईंनी पंच वाजवीत उत्तर दिले होते, "अठी आमदाराची बी सीट राखीव नाई. आधी आला तो समोर." सगळी ओळ हसली. ती सूनही हसली, असे मला नंतर कळले. अध्यक्ष मात्र हसले नाहीत.

ते माझ्याकडे आले. "बडे बाबू, बायाइनं बाग ताब्यात घेतली. टकटक, हसनं, खिदळनं. असा कागद लिवा का हालला नाई पाह्यजे."

मी लिहिला. खरे कारण अर्जात लिहिता येत नाही. जे लिहिता येते ते खरे असतेच असे नाही. गोंगाटाचा मुद्दा पहिला. विनापरवाना वर्गाचा दुसरा. तिसऱ्या मुद्द्यात मी लिहिले की झाडास दोर बांधल्याने वृक्षास हानी पोहोचत आहे. हानी पोहोचत नव्हती. दोर सैल होता, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. पण तिसऱ्या मुद्द्यावाचून अर्ज लंगडा वाटत होता. अखेरीस, फट राहू नये म्हणून, मी "अथवा तत्सम कोणताही सामूहिक उपक्रम" हे शब्द घातले. ते वाचून अध्यक्षांनी माझा हात दाबला.

अर्ज नगरपालिकेत पडून राहिला. अर्ज पडून राहतात. मी तो विसरलो.

त्या पावसाळ्यात माझ्या पत्नीला लकवा मारला. जीव वाचला, बोलणे परत आले, पाय हळूहळू चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. शेजारीण तिला बागेत घेऊन गेली. मी नको म्हणालो नाही, होही म्हणालो नाही. फाटकापाशी उभा राहिलो.

बाई तिला पाहून पुढे आल्या. "या काकू. तुमची सीट दोरीखाली."

"राखीव नसते म्हणता ना?" पत्नीने विचारले. आजारानंतर ती प्रथमच कुणाशी असे बोलत होती.

"आमदाराची नसते. तुमची असते. आजपासून घंटी तुमच्याकडं. तुमी वाजवल्याबिगर गाडी निंघनार नाई."

आणि खरोखरच गाडी निघत नसे. रोज सकाळी पंचवीस बाया उभ्या राहत आणि माझी पत्नी डाव्या हाताने घंटी वाजवण्याआधी उजवा हात उचलून पाही. कुणी घाई करीत नसे. कुणी कौतुकही करीत नसे. ते बाईंना चालत नव्हते. "काकूले पाहून काय राह्यल्या? आपापली खिडकी पाहा," त्या दटावीत. दिवाळीपर्यंत हात खांद्याला आला. थंडीत कानापर्यंत गेला. मग एके दिवशी बोटे ताठ झाली, आणि दोरीचे टोक आणि तिची बोटे यांत एका वितीचे अंतर उरले.

मी फाटकावरून पुढे झालो. त्या बागेत बाईंशी मी बोललेले ते पहिले वाक्य. "दोरी थोडी खाली घेता येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "दोरी खाली आनली, बडे बाबू, तं हात कायले वर जाईन?"

मी मागे सरलो. उत्तर बरोबर होते.

पुढल्या आठवड्यात बाई माझ्या घरी आल्या. हातात नगरपालिकेची नोटीस होती आणि नोटिशीला माझा अर्ज जोडलेला होता. मी टंकलिखित अर्ज कधी दिला नाही. माझे अक्षर तालुक्यात सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी तो कागद टेबलावर माझ्यासमोर ठेवला.

"हे अक्षर तुमचंच ना?"

"हो."

आतल्या खोलीत पत्नी होती. बाईंनी तिकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणला. "मंग उत्तर बी तुमीच लिवा. दुसऱ्याच्यानं होनार नाई."

त्यांनी दुसरे काहीही विचारले नाही. त्यांनी विचारले असते तर मला बरे वाटले असते.

मी उत्तर लिहिले. चार वेळा लिहिले. आयुष्यात एकच अर्ज मी चार वेळा लिहिला आहे. परंतु जेथे जेथे बाजू मांडण्यास जागा शोधली, तेथे तेथे माझेच एखादे वाक्य आधीपासून उभे होते. वर्ग नव्हे, स्नेहमेळावा, असे म्हणावे तर "तत्सम". दोर काढून टाकतो, असे म्हणावे तर पत्नीचा हात. शेवटी जे जमले ते बाईंच्या सहीने दिले, आणि ते फेटाळले जाताच स्वतःचा स्वतंत्र कागद घेऊन मी नगरपालिकेत गेलो: मूळ अर्ज लिहिणारा या नात्याने तो मागे घेत आहे.

तेथला कारकून तरुण होता, नम्र होता. उठून उभा राहिला. "बडे बाबू, अर्ज मागं घेता येते. आदेश निंघाला का नाई घेता येत. तुमाले मी काय सांगू?" मग समाधान वाटावे म्हणून तो म्हणाला, "इतका पक्का कागद, का साहेबानं एक अक्षर बदललं नाई."

दोन कर्मचारी सकाळीच शिडी घेऊन आले. बाया ओळीतच होत्या. एकाने कोयत्याने फांदीखालून दोर कापला, घंटी उतरवून घेतली, आणि उतरवताना ती एकदाच वाजली.

कुणी हलले नाही. बाईंनी पंच पिशवीत टाकला. "एक घंटी झाली," त्या म्हणाल्या. "थांबली गाडी. उतरा व माय."

बाया गेल्या. भांडी घासणारी कामावर गेली, सून घरी गेली. माझी पत्नी कडुनिंबाखाली उभी होती आणि तिचा उजवा हात अजून अर्धा वर होता. तो मी धरून खाली घेतला.

घरी मी व्हरांड्याच्या आढ्याला दोरी बांधली. बाजारातून घंटी आणली. अंतर मोजून एक वीत ठेवले. पत्नीने ती पाहिली आणि खुर्चीवर बसून घेतले.

"ओढून पाहा," मी म्हणालो.

"मांगं कोनीच उभं नाई," ती म्हणाली. "कोनासाठी वाजवू?"

मी मागे जाऊन उभा राहिलो. तिने मान वळवून मला पाहिले. हात उचलला नाही.

बाई काही दिवस घरी येत राहिल्या. तिच्या बोटांना तेल चोळीत, पंच तिच्या मुठीत देऊन दाबायला लावीत. पण त्यांचेही मन लागेना. चाळीस माणसांच्या गाडीतली बाई एका खोलीत कशी रमणार? गुडघे पुन्हा आखडले. चार पायऱ्या चढताना त्या दोनदा थांबू लागल्या. मग मुलगा त्यांना पुसदला घेऊन गेला. जाण्याच्या दिवशी त्या निरोप घ्यायला आल्या. पत्नीला म्हणाल्या, "पुसदले येजा काकू. तिकडं बी झाड असंन." दोघींनाही ठाऊक होते की पत्नी आता बसचे पायदान चढू शकत नाही.

दारात त्या माझ्यापाशी थांबल्या. "बडे बाबू, तुमचं उत्तर चांगलं होतं. पन पह्यला कागद त्याच्याहून चांगला होता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. सुटे पैसे मोजून हातावर ठेवावेत, तसे त्यांनी ते वाक्य ठेवले. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.

आदेश पत्र्याच्या पाटीवर रंगवून बागेच्या फाटकाला लावला आहे. अखेरचे शब्द माझे आहेत, जसेच्या तसे. त्या शब्दांच्या आधारे चौकीदाराने पहिल्याच महिन्यात आमच्या मंडळालाही ओट्यावरून उठवले: दहा म्हातारे म्हणजे सामूहिक उपक्रम. अध्यक्षांनी मला विचारले, "याच्यात फट नाई काय, बडे बाबू?" मी नाही म्हणालो. ते आता एकटे फेऱ्या मारतात. ओटा रिकामा असतो.

पत्नीचा हात कानावरून खांद्यावर आला, खांद्यावरून मांडीवर आला. आता ती तो पदरात गुंडाळून ठेवते.

मी कधी कधी बागेत जातो. ओट्यावर बसत नाही. कर्मचाऱ्याने दोर खालून कापला, वरची गाठ सोडण्याचे कष्ट त्याने घेतले नाहीत. फांदी जाड होत चालली आहे. सैल असलेली गाठ आता सैल राहिलेली नाही. ती सालीत रुतली आहे आणि दोन्ही बाजूंनी साल फुगून फाटली आहे. तिसऱ्या मुद्द्यात मी लिहिलेली हानी आता स्पष्ट दिसते.