पाच नंबरचे बूट

थोरल्या जावेचा सगळा जळफळाट धाकटीच्या पावलांवर होता. दोघी एकाच लॉन्ड्रीत, शेजारशेजारच्या वाफेच्या प्रेसवर. दिवसभर उभं काम. एका पायावर भार, दुसऱ्यानं पेडल. तरी संध्याकाळी धाकटी तुरुतुरु घरी जायची आणि थोरली पाय ओढत मागे.

तिला वाटलं, जादू धाकटीच्या बुटांत आहे. मऊ, गोल तोंडाचे. ती दुकानात गेली आणि तसलेच मागितले.

"माप?"

"पाच. माझ्या जावेला होतात, मला न व्हायला काय धाड भरलीय?"

तिचं माप सात होतं.

चार महिन्यांत करंगळीवर कुरूप आलं, चवड्याखाली घट्टे. तिनं ते मोज्यात झाकले. लंगडताना दिसली, तर खिडकीजवळची तिची प्रेस मालक धाकटीला देईल, या भीतीनं. शेवटी नवऱ्याच्या दाढीच्या ब्लेडनं कुरूप तासलं. तिसऱ्या दिवशी बोट टम्म सुजलं.

"ताई, डॉक्टरांकडे चला."

"तुला घाई कसली? जागा हवीय ना माझी?"

"जागा घाला चुलीत. बोट जाईल."

पायांच्या डॉक्टरीणबाई धाकटीला बघून हसल्या. "काय, आता त्रास नाही ना?"

थोरली ठणका विसरली. "तू इथं येतेस?"

"दोन वर्षं. मलाही कुरूप होतं."

"आणि मला बोलली नाहीस!"

"तुम्ही माझ्याशी बोलत होतात कधी?"

बाईंनी जखम धुतली, औषध दिलं, आठ दिवस घरी बसवलं. ते आठ दिवस थोरली खिडकीच्याच काळजीनं जळली. दुसऱ्या खेपेलाही धाकटी बरोबर आली. बाईंनी बारीक पात्यानं जाड कातडी पापुद्रा पापुद्रा काढली, मधला कठीण कण उचलला. दुखलं नाही. बोटाला मऊ गादीची चकती लावली.

"दाबतं, घासतं, तिथं कातडी स्वतःला वाचवायला जाड होते. दाब तसाच ठेवलात, तर हे परत येणार." मग बूट उचलले. "बूट उत्तम. मीच सांगितले होते तुमच्या जावेला. पण माप कुणाचं घेतलंत?"

थोरलीनं बूट ओढून घेतले आणि पिशवीत कोंबले.

तिथून दोघी बुटांच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं माप विचारलं. खिडकीजवळची प्रेस अजून थोरलीचीच होती, हे तिला वाटेत कळलं होतं. आठ दिवस धाकटीनं तिथं कुणाला उभं राहू दिलं नव्हतं.

"सात," थोरली म्हणाली.

धाकटी हसली नाही. हसली असती, तर थोरलीला जरा बरं वाटलं असतं.