दर्शनाची काळी बुरशी

श्रद्धांजलीच्या बॅनरवरसुद्धा कॉलेजवाल्यांनी दर्शनाला गोरं केलंय.

फिल्टर लावून. गेलेल्या माणसाला.

आज मला खरंच किळस आली.

दर्शना माझी लॅबमधली पार्टनर. उलव्याकडच्या मिठागरवाल्यांची मुलगी. घरातली पहिली पीएच.डी. झाली असती. डेंग्यूने गेली. आज पनवेलला आमच्या कॉलेजात शोकसभा होती.

सभेत तिच्या कामाबद्दल कुणी धड बोललं नाही, म्हणून मी इथे लिहितेय.

वडिलांच्या मिठागरातल्या खाऱ्या पाण्यातून तिने एक काळी बुरशी आणली होती. एवढ्या मिठात ही जगते कशी, हा तिचा प्रश्न.

मीठ वाढलं की बुरशीतलं एक जीन ऑन होतं. काळं रंगद्रव्य, आपल्या कातडीत असतं तेच मेलॅनिन, बनतं, पेशीच्या भिंतीत जाऊन बसतं आणि बुरशी तगते.

दर्शनाने ते जीन बंद केलं. बुरशी फिकट पडली. मग मिठात टाकली, तर मेली.

त्या दिवशी लॅबभर नाचली होती.

"बघ गं, गोरी झाली नि मेली!"

आमचे गाईड सर तिला 'मेलॅनिन मॅडम' म्हणायचे. सगळे हसायचे.

आज तेच सर माइकवर म्हणाले, "दर्शनाचं रिसर्च आम्ही पुढे नेऊ." टाळ्यासुद्धा पडल्या. शोकसभेत.

नंतर तिचे बाबा माझ्याजवळ आले.

"बाय, तिची ती बुरशी दाखव ना. आमी कदी बगितली नाय."

वर लॅबमध्ये गेलो. फ्रिज उघडला.

तिच्या रॅकवर शोकसभेसाठी आणलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या.

सर मागोमाग आलेच. "तिच्या बुरशीच्या प्लेट्स ना? डिस्कार्ड केल्या. वास मारत होत्या."

"आणि जपून ठेवलेला बुरशीचा स्टॉक, सर?"

"सगळंच. जागा लागते ना."

ते मिठागर आता भरावाखाली गेलंय. तिथून पुन्हा काही आणता येणार नाही. सरांना हे माहीत होतं.

बाबांना कळेना. "म्हंजे?"

"फेकून दिली, काका."

ते सरांकडे बघत राहिले. सरांनी एक थंडगार बाटली काढून त्यांच्यापुढे धरली.

"घ्या, ऊन आहे बाहेर."

बाबांनी हात पुढे केला नाही.

"अजून तेरावं नाय झालं तिचं," एवढंच म्हणाले आणि जिना उतरले.

रिक्षात मी त्यांना तिचं सगळं काम समजावून सांगितलं. जमेल तसं.

"ह्ये माज्या दर्शीनं शोदलं?"

"हो काका. तिनेच. एकटीने."

मग घर येईपर्यंत आम्ही दोघंही रडलो.

दर्शना, श्रद्धांजली माझ्याकडून घे.

त्यांची घेऊ नकोस.