पाठराखणीचं बी

१९८८ च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या काकांना, दयाराम घरतांना, सरकारी कामाचं पहिलं पत्र आलं. तोवर ते मिठागरावर मजुरांची हजेरी मांडायचे. आता एका संशोधन प्रकल्पात क्षेत्र सहाय्यक झाले. काम रोजंदारीवरचं होतं, पण तीन वर्षांनी कायम करू असं कुणीतरी तोंडी सांगितलं होतं. काका तेव्हा छत्तीस वर्षांचे होते आणि तेवढ्या तोंडी शब्दावर त्यांनी नवी सायकल घेतली.

प्रकल्पाचं कार्यालय पनवेलच्या बाजारामागे, भाड्याच्या दोन खोल्यांत होतं. करंजाड्याच्या पलीकडे, खाडीला लागून आमचं मूळ गाव. तिथल्या खाऱ्या शेतांत भाताचं एक नवं वाण लावून पाहायचं होतं. प्रमुख डॉ. शोभा नाफडे पुण्याहून आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी काकांना समोर बसवून घेतलं.

"बियाणं कुणीही वाटेल, दयाराम. सरकारच्या पैशानं आपण लोकांच्या ताटातला भात बदलायला निघालोय. तो बदलताना लोक स्वतः काय करतात, ते आपल्याला शिकायचंय."

मग त्यांनी एक तक्ता दिला. त्यात अकरा रकाने होते. शेवटचा रकाना होता 'शेतकऱ्याने स्वतःहून केलेला फेरफार'.

"हा एक बाकीच्या दहांच्या तोडीचा आहे," त्या म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. मोठ्या हुद्द्याची माणसं असं बोलतात आणि आपण मान हलवायची असते, असं त्यांना वाटायचं.

गावातले पाच जण तयार झाले. पाचवी हौसामावशी. ती काकांच्या आईची चुलत बहीण, म्हणून आम्हा सगळ्यांचीच मावशी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बांधाला टेकलेली तिची दोन शेतं ती एकटी करायची. तिच्या कणग्यात राता होता. राता म्हणजे लाल तांदळाचं जुनं भात, खाऱ्या पाण्यालाही न घाबरणारं. नव्या भाताच्या पिशवीवर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. गावात त्याला लगेच 'नंबरवालं' म्हणू लागले.

बी भिजत घालायच्या दिवशी काका सकाळीच तिच्या ओटीवर पोचले. मावशी चार पायल्या नव्या भातात एक पायली राता ओतत होती.

"मावशे, हे काय करतेस?"

"दिसत नाय? तुज्या नंबरवाल्याला सोबत देते."

"अगं, बाईंनी नुसतं हेच पेराया सांगितलंय."

"तुज्या बाईंच्या घरची पोर नांदाया आली तर एकटी येल का रं? पाठराखीन नाय लागत तिला?" मावशीचा हात थांबला नाही. "परकं बी खारीत एकटं टाकलं का बावरतं. माजी सासू असंच करायची, तिची सासूबी. तुज्या आयेनंबी केलंय. तू शाळंत गेलास नि इसरलास."

काका हसले. वहीत त्यांनी तारीख लिहिली, भिजवलेल्या बियाण्याचं माप लिहिलं आणि ते पुढच्या घरी गेले.

त्या वर्षी ऑगस्टात पाऊस अडला. जमिनीतलं मीठ वर आलं. चार जणांच्या शेतांत बांधाकडचे कोपरे भाजल्यासारखे झाले. मावशीचा कोपरा हिरवा राहिला. नाफडेबाई गाडी करून पाहायला आल्या. चप्पल हातात घेऊन त्या बांधावरून चालत गेल्या आणि त्या कोपऱ्यापाशी बराच वेळ थांबल्या.

"इथं काय वेगळं केलंय?"

मावशी शेताच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, पदर डोक्यावर घेऊन; तिथं बोलणं ऐकू जात नव्हतं. बाई काकांना विचारताहेत हे पाहून ती जवळ आली नाही. आपला माणूस सांगतोय, तर आपण मधे कशाला बोलायचं?

"इथला बांध जरा उंच आहे, मॅडम," काका म्हणाले.

असं का म्हणालात, हे मी त्यांना खूप वर्षांनी विचारलं. ते म्हणाले, पाठराखिणीची गोष्ट ऐकून बाई हसतील असं वाटलं. त्या मावशीला हसल्या असत्या, आणि मी त्याच घरातला. नंतर त्यांनी दुसरं कारणही सांगितलं. चाचणीत भेसळ होऊ दिली म्हणून रोजंदारी गेली असती.

कापणीच्या वेळी बाई पुण्याला होत्या. वजन काकांनीच केलं. भाऱ्यांमध्ये लालसर लोंब्या त्यांना स्वच्छ दिसत होत्या. त्यांनी सगळं एकत्रच काट्यावर चढवलं. पाच शेतांत मावशीचं शेत पहिलं आलं. अकराव्या रकान्यात काकांनी एक आडवी रेघ ओढली.

ती रेघ त्यांना सलत होती. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी ती चूक निस्तरायची ठरवलं, आणि तिथंच खरं नुकसान झालं. पेरणीआधी ते मावशीकडे गेले.

"औंदा मिसळू नको, मावशे. आकडे चुकतात. कोनाला कळलं तर माजी नोकरी जायची."

मावशीनं माप कणग्यात टाकलं आणि वर झाकण ठेवलं. "नोकरी जायाची आसंल तर नको रं बाबा," ती म्हणाली.

त्या वर्षी पाऊस भरपूर आणि वेळेवर झाला. मीठ धुऊन गेलं. नुसतं नंबरवालंही चांगलं पिकलं. दोन वर्षांचे आकडे जुळले, तिसऱ्या वर्षीचेही. १९९१ मध्ये अहवाल छापून आला. त्यात खाऱ्या जमिनीसाठी या वाणाची शिफारस होती, आणि यशस्वी शेतकरी म्हणून श्रीमती हौसाबाईंचं नाव आणि फोटो. काका कायम झाले. आमच्या घरी पेढे आले.

गावानं नंबरवालं उचललं. पांढरा तांदूळ पनवेलच्या बाजारात लगेच खपायचा. पाहुण्यांच्या पानात लाल भात वाढायची सुनांना लाज वाटायची. नेऱ्याकडच्या गोड्या जमिनीत पिकतो तसा तांदूळ आता आमच्याही खारीत पिकतो, असं लोक लग्नकार्यात सांगायचे. ज्याच्या त्याच्या कणग्यातला राता खाऊन संपला. मावशीनं थोडा ठेवला होता, पण खाडीच्या दमट हवेत न पेरलेलं भात दोन पावसाळ्यांत उगवायचं विसरतं.

१९९२ च्या भाद्रपदात उधाणाला बांध फुटला. दोन दिवस समुद्राचं पाणी शेतांत उभं राहिलं. पाणी उतरलं तेव्हा सगळी खार गवताच्या वाळल्या पेंढीसारखी पिवळी पडली होती. बांधावर उभे राहून लोक नुसते पाहत होते.

"दयाराम, कुटं राता गावंल का रं?" एकानं विचारलं.

"नंबर इचार त्याला, नंबर," दुसरा म्हणाला. कोणी हसलं नाही.

दिवाळीनंतर काका राता शोधत हिंडले. एसटीनं, सायकलनं, शेवटी पायी, थेट द्रोणागिरीच्या पायथ्याच्या गावांपर्यंत. एका म्हातारीनं रुमालात बांधून मूठभर भात दिलं. हौसामावशीनं त्यातला दाणा सोलला, चावून पाहिला. "लाल हाय, पन आपला नाय ह्यो," ती म्हणाली. जूनमध्ये पेरून पाहिला. निम्मा उगवलाच नाही.

मग काका पुण्याला गेले. नाफडेबाईंची परत तिकडे बदली झाली होती. त्यांच्यासमोर उभ्यानंच काकांनी सगळं सांगितलं. पायली, लोंब्या, आडवी रेघ, दुसऱ्या वर्षीची विनवणी.

"ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं," काका मला म्हणाले.

बाईंनी कपाटातून अहवाल काढला आणि मावशीच्या फोटोचं पान उघडून ठेवलं. "नव्यात जुनं मिसळून पेरायचं. निम्मं जग हेच शोधतंय, दयाराम. मी पनवेलला आले होते ती असलं काहीतरी शिकायला. आणि मी त्या बांधावरून तशीच परत गेले. मी तरी तिला स्वतः का विचारलं नाही?"

बंद झालेल्या प्रकल्पाचा अहवाल बदलता येत नव्हता. पण शेवटी एक पुरवणी जोडता येईल, असं त्यांनी सांगितलं. काकांनी ती एका पानात लिहिली. मी तेव्हा एम. ए. करत होते, म्हणून भाषा बघायला त्यांनी ते पान माझ्याकडे दिलं. मी त्यातला एकही शब्द हलवला नाही.

पुरवणी पाठवण्याआधी काका गावी गेले. मावशी अंगणात सुकट निवडत बसली होती. काका खाली बसले आणि म्हणाले, "मावशे, तू मिसळायचीस ते मी बाईंना कदी सांगितलंच नाय."

तिचे हात थांबले. "म्हंजे बाईला ठावंच नवतं?"

"नवतं."

"मला वाटलं, तू सांगितलंस नि तिनं इचार करून नको म्हनलं. शिकलेली बाई. तिला काय तरी कळलं आसंल, म्हनून मी झाकन ठेवलं." तिनं काकांकडे पाहिलं. "नोकरीचं तू म्हनलास, ते मला खोटं वाटलं व्हतं रं. मला वाईट वाटू नये म्हनून म्हनतोस, असं वाटलं."

मावशीनं सुकटीचं सूप बाजूला सारलं.

"मग माजं नाव कशाला लिवलंस त्या बुकात?"

त्यांनी खिशातून ते पान काढलं आणि तिला वाचून दाखवलं. हे अहवालाच्या अगदी शेवटी जोडणार आहेत, असंही सांगितलं. मावशीनं ऐकून घेतलं. पान हातात घेऊन उलटं-सुलटं केलं आणि परत दिलं.

"बुक वाचनारा ह्या पानापरेंत येल का रं?"

काकांनी पान घडी घालून खिशात ठेवलं.

"नाय, मावशे," ते म्हणाले. "कोनी नाय येनार."