दादांच्या काचेतलं फूल

मंडळी, नारायणगावच्या सायबर कॅफेतून लिहितेय. घरी जाईपर्यंत धीर निघेना.

आज बियाणं घ्यायला गेले, तर दुकानात शेठच्या बिलांवर काचेचा पेपरवेट. आत रुपेरी फूल.

"शेठ, हा कुठला?"

"माझ्या लग्नात आहेर आला होता. कुणी दिला ते आठवत नाही. आतून रंगवलंय बघा."

मी तो आडवा धरला. रंग कुठला, राव! पाकळ्या म्हणजे नुसते हवेचे बुडबुडे. तापलेल्या काचेला खिळ्यानं टोचायचं आणि वरून वितळलेली काच चढवायची, की टोचलेल्या जागी हवा अडकते. शेवटची पाकळी लांबट होती. तोवर काच घट्ट व्हायला लागायची, मग माझे वडील, म्हणजे दादा, खिळा जोरात दाबायचे.

दादा काच कारखान्यात होते. लग्नात लोक स्टीलची भांडी द्यायचे, दादा हे फूल द्यायचे. आई म्हणायची, "एक तरी घरात ठेवा की."

"ठेवू की, लई येळ हाय."

दादा गेले. घरात एकही नाही.

हे सांगितल्यावर शेठ म्हणाले, "मग न्या की ताई."

दिलेला आहेर परत कसा न्यायचा? पुन्हा बिलांवर ठेवला आणि बियाणं न घेताच निघाले.

त्या पाकळ्यांत दादा होते तेव्हाची हवा आहे हो.

राजुरी-येडगावकरांनो, तुमच्याकडच्या लग्नांतही दादांनी आहेर केलाय; घरात असं फूल असलं तर आडवं धरून बघा. एक पाकळी लांबट दिसली तर कळवा. मागणार नाही. येऊन जरा वेळ हातात धरीन. चालेल ना?